आईची पंच्याहत्तरी, मोठ्या हॉटेलातला दुपारचा चहा आणि वाटीभर साय

आमच्या आईला तिची खरी जन्मतारीख माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, तिच्या वयाच्या कितीतरी लोकांची असते तशीच, मास्तरांनी नाव घालताना लिहून टाकलेली. पण आज्जी सांगायची की ही येळवशीच्या दिवशी झाली, सगळं गाव शेतात गेलेलं आणि घरात आज्जी आणि शेजारची एक म्हातारी एवढ्याच. येळवस म्हणजे आमच्या लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, त्या दिवशी शेतात कोप म्हणजे कडब्याची खोपी करून पूजा करायची आणि भज्जी, आंबिल, उंडे, खिचडा असं सगळं तिथंच बसून खायचं. त्यामुळं आईच्या वाढदिवसाला सगळे कायम शेतात आणि ती पहाटे तीनपासून चुलीपुढं, म्हणून तिचा वाढदिवस असा कधी झालाच नाही. यंदा पंच्याहत्तरी होती. मी ठरवलं होतं की येळवस झाली की पुढच्या रविवारी आईला संभाजीनगरला आणायचं आणि मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला न्यायचं.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. त्याला मंगल कार्यालय घ्यायचं होतं, गूळतुला करायची, गावजेवण घालायचं, शाल-श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर. त्याचंही चूक नाही, लोक करतात आणि प्रेमानंच करतात. पण मागच्या वर्षी आमच्या काकांची पंच्याहत्तरी मी बघितली होती, लग्नातल्या त्या मोठ्या खुर्चीवर त्यांना सकाळी अकराला बसवलं ते चार वाजेपर्यंत, येणारा प्रत्येक जण पाया पडून फोटो काढणार, डीजेचा आवाज कानात, साखरेचा पेशंट माणूस आणि ताटावर बसायला चार वाजले. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला शुगर पण आहे. मी दादाला म्हटलं गावाला गूळ वाट, शाळेला काय द्यायचं ते दे, पण आईला दोन तास नीट बसू दे. तो तयार झाला, वहिनीनं माझी बाजू घेतली हे पण खरं.

हॉटेल जालना रोडवरचं, जुनं, बाग असलेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खटकलेल्या गोष्टी पण लिहायच्या आहेत. तीन मजली स्टँडवाला चहा आपल्याकडे रोज मिळत नाही, इथं पण शनिवार-रविवार साडेतीन ते सहा आणि तोही किमान दोन दिवस आधी बुकिंग केलं तरच. माणशी १,२५० रुपये अधिक टॅक्स, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना निम्मं. फोनवर मी चार गोष्टी सांगितल्या : मावशी अंडं खात नाही, आईला शुगर आहे, खाली बुडणारा सोफा नको, आणि टाळ्या वाजवत मोठ्यानं हॅपी बर्थडे म्हणायचं नाही. पलीकडच्या मुलीनं सगळं लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं, तिथंच मला बरं वाटलं.

सकाळी घरी ७५ दिव्यांनी औक्षण केलं. आईनं इरकल नेसली, मावशीनं आणलेली हिमरू शाल घेतली. आम्ही सहा जण होतो, आई, मावशी, दादा, वहिनी, मी आणि माझी लेक. ह्यांची वाळूजला शिफ्ट होती. गाडी अगदी पायरीपर्यंत नेता येते आणि बाजूला उतार केलेला आहे, दारावरच्या माणसानं न सांगता व्हीलचेअर आणली, आई नको म्हणाली तर परत नेली, आग्रह केला नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना ह्या गोष्टीची किंमत कळेल.

पण टेबलाजवळ गेलो तर सोफाच. तोच खाली जाणारा, ज्यातून उठायला आईला दोघांनी धरावं लागतं. फोनवर लिहून घेतलेलं इथपर्यंत पोचलंच नव्हतं. मी सांगितल्यावर दहा मिनिटांत जेवणाच्या उंचीचं टेबल आणि हाताच्या खुर्च्या खिडकीजवळ लावून दिल्या, माफी पण मागितली, पण ती दहा मिनिटं आई काठी धरून उभी होती ना. वॉशरूम लांब आहे आणि मध्ये दोन पायऱ्या आहेत, तिथं धरायला कठडा नाही. एवढ्या मोठ्या हॉटेलनं ते करायला पाहिजे.

मेनू कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘हाय टी’ लिहिलंय. आपल्याकडे जवळपास सगळीच हॉटेलं असंच लिहितात, ऐकायला भारी वाटतं म्हणून. खरं तर इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं जेवण, कामावरून आल्यावर नेहमीच्या उंच टेबलावर बसून चहासोबत मटण, पाव, बटाटा असं पोटभर. आणि हे बारीक सँडविच, स्कोन, केकवालं जे आहे ते आफ्टरनून टी, दुपारचा चहा. ते साधारण १८४० च्या सुमारास सुरू झालं, बेडफर्डची डचेस ॲना हिचं नाव सांगतात, तेव्हा बड्या घरांत रात्रीचं जेवण आठच्या पुढं जायला लागलेलं आणि मध्ये चार-पाचला तिला भूक लागायची, म्हणून ती खोलीत चहा आणि काहीतरी खायला मागवायची, मग मैत्रिणींना बोलवायला लागली आणि तीच पद्धत पडली. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग त्यात काय नवल, आपल्याकडं बी खुरपायला बाया असल्या की चारला च्या न्यावाच लागतोय. न्हाई नेला तर हात चालत न्हाईत.”

आणि ते बरोबर आहे की. भूक लागायची वेळ तीच, चारची, डचेसला काय आणि खुरपणाऱ्या बाईला काय.

स्टँड आला तेव्हा माझ्या लेकीचे डोळे असे झाले ना. तीन थाळ्या एकावर एक, खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर गोड. खालून वर खात जायचं असतं, तिखटमिठाचं आधी, गोड शेवटी. सँडविच चार प्रकारचे होते, काकडी आणि क्रीम चीज, पुदिना चटणी आणि पनीर, चिकन (हे वेगळ्या बशीत आणलं, मावशीसमोर ठेवलं नाही, छान केलं), आणि एक भाजलेल्या ढोबळी मिरचीचं. काकडीचं सगळ्यात चांगलं, पाव ताजा, काकडी पातळ आणि पाणी सुटलेलं नाही. ढोबळी मिरचीचं ओलं झालं होतं. आईनं काकडीचं हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि सर्व्ह करणाऱ्या पोराला विचारलं, “ह्याचे काठ कापूलालाव व्हय रे? मग ते काठ कुणाला देताव?” तो पोरगा हसला नाही, नीट उत्तर दिलं, म्हणाला आज्जी ते वाळवून चुरा करतो आणि कटलेटला लावतो. आईला ते पटलं. मग कुठला तू, कुणाच्यातला, शेती किती, हे सगळं आलंच. तो अहमदपूरकडचा निघाला, मग काय, लातूर जिल्हाच म्हणून आई त्याला लेकरा म्हणायला लागली आणि तोही प्रत्येक गोष्ट आधी तिला विचारायला लागला.

चहाचं मात्र पहिल्यांदा बिघडलं. आम्ही दार्जिलिंग मागवला होता. दार्जिलिंगची गोष्ट अशी की तो आपल्या चहासारखा उकळायचा नसतो, उकळीच्या जरा खालचं पाणी ओतून तीनेक मिनिटं ठेवायचं आणि पत्ती काढून घ्यायची. मार्च-एप्रिलची पहिली तोड असते ती हलकी, फुलासारख्या वासाची, आणि मे-जूनची दुसरी तोड असते ती जरा भरीव, तिला मनुकांसारखा वास येतो. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेली पहिली वस्तू म्हणजे हाच दार्जिलिंग चहा, २००४ मध्ये. एवढा नावाजलेला चहा आणि ह्यांनी पिशव्या किटलीतच सोडलेल्या, टेबलावर येईपर्यंत कडू जहर. १,२५० रुपयांत पिशवीचा चहा असेल तर ते बरोबर नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. मॅनेजर स्वतः आले, दुसरी किटली आणली ती सुट्या पत्तीची, गाळणी वेगळी, सोबत छोटं वाळूचं घड्याळ. हा चहा सुंदर होता. वहिनी आणि मी दोघींनी दोन दोन कप घेतले. सुटी पत्ती आत होतीच तर आधी का नाही दिली, हा प्रश्न राहतोच.

आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाली पाणी हाय. मग तिच्यासाठी आल्याचा दुधाचा चहा सांगितला, साखर वेगळी. ह्यात कमीपणा काहीच नाही हे मला आवर्जून लिहायचंय, कारण पलीकडच्या टेबलावर एक बाई तिच्या सासूला सांगत होती की इथं येऊन असला चहा मागायचा नसतो. का नाही मागायचा? आपण घरी पितो तो सीटीसी, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करतात, दुधात उकळल्यावर रंग आणि कडकपणा यावा म्हणूनच तो तसा असतो. दार्जिलिंग दुधात उकळला तर तो वाया आणि सीटीसी नुसता पाण्यात घेतला तर तोही कडू, दोघांचं काम वेगळं आहे. हॉटेलनं आईचा चहा त्याच नक्षीच्या किटलीतून, तशाच कपात आणून दिला, हे मला फार आवडलं.

त्या पोरानं कप भरला, बशीसकट दोन्ही हातांनी आईच्या हातात दिला. आई कपाकडं बघत बसली जरा वेळ. मग म्हणाली, “भूकंपाच्या येळेला मिल्ट्रीतल्या एका पोरानं असाच दिला होता हातात च्या. त्येच्यानंतर आजच.”

आम्ही कुणीच काही बोललो नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला चार-पाच मिनिटं कमी असतील, आदल्या दिवशीच गणपती बुडवलेले, रात्री उशिरा झोपलेली गावं, किल्लारी आणि आजूबाजूची कितीतरी गावं झोपेतच गाडली गेली, जवळपास दहा हजार माणसं गेली. आमचं गाव औसा तालुक्यातच, किल्लारीपासून लांब नाही. आमच्या घराचा मागचा भाग पडला, आम्ही वाचलो, आईची नणंद गेली. मी तेव्हा लहान होते, मला पाऊस आणि पत्रे एवढंच आठवतं, त्या चहाचं आईनं याआधी कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तो चहा गुळाचा होता, दूध नव्हतं, आणि तिनं तो पिला नाही, मला पाजला. दादाला आठवत होतं म्हणे. तो खिडकीकडं बघत होता.

ह्या बैठकीचा हाच मोठा फायदा आहे असं मला वाटतं. कार्यक्रमात आई हे बोलली असती का? माईकवर कुणीतरी तिच्या कष्टाचं भाषण केलं असतं आणि ती मान खाली घालून बसली असती. इथं घाई नाही, पंगत उठवायची नाही, घास लहान, मध्ये मध्ये हात मोकळा, दोन-अडीच तास नुसतं बसायचं आणि बोलायचं.

आता स्कोनचं. स्कोन म्हणजे केक नाही आणि बिस्कीट पण नाही, मधलं काहीतरी, हातानं मधून मोडायचा आणि त्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम लावायचं. इंग्लंडात डेव्हनवाले आधी क्रीम लावतात आणि कॉर्नवॉलवाले आधी जॅम, त्यावरून त्यांची भांडणं चालतात, आपल्याकडे पुरणपोळीवर दूध का तूप तसं. इथले स्कोन चांगले होते पण कोमट सुद्धा नव्हते, गार, परत गरम करून मागवले तेव्हा मऊ झाले. आणि क्लॉटेड क्रीमच्या जागी केकवरचं फेटलेलं गोड क्रीम. मेनूत क्लॉटेड क्रीम छापलेलं आहे, त्यामुळं मी विचारलं, तर म्हणाले सध्या येत नाही. क्लॉटेड क्रीम म्हणजे काय असतं हे मावशीनं मला विचारलं, मी सांगितलं की दूध नाहीतर मलई मंद आचेवर तासन् तास तापवून वर जो जाड थर येतो ना, तो.

“अगं मग साय म्हण की!” मावशी म्हणाली, आणि लगेच त्या अहमदपूरच्या पोराला, “साय हाय का रे आत, दुधावरली?”

तो आत गेला आणि पाच मिनिटांत वाटीभर साय घेऊन आला, जाड, पिवळसर, सकाळच्या दुधाची. आईनं गरम स्कोन हातानं मोडला, साय लावली, वर जॅम अगदी नखाएवढा. खाल्ला आणि म्हणाली, “रोडगाच हाय की ह्यो, मैद्याचा.” मग तिनं माझ्या लेकीला तसाच करून दिला, मग दादाला, मग त्या पोराला पण देत होती, तो ड्युटीवर आहे म्हणून नको म्हणाला. मी बाहेर कुठं कुठं स्कोन खाल्लेत, मुंबईत सुद्धा, पण जालना रोडवर म्हशीच्या दुधाच्या सायीबरोबर खाल्लेला हा सगळ्यात चांगला, मनापासून सांगते. हॉटेलवाल्यांनी ते डब्यातलं क्रीम बंद करून सायच ठेवावी, मेनूत साय म्हणूनच लिहावं, मी मॅनेजरना तसं सांगितलंय.

वरच्या थाळीचं फार लिहिण्यासारखं नाही. लिंबाचा टार्ट चांगला, चॉकलेटचं नेहमीचं, गाजर हलव्याचं छोटं काहीतरी केलं होतं ते फार गोड. मॅकरून होते पण पोरानं मावशीला आधीच सांगितलं की ह्यात अंड्याचा पांढरा बलक असतो, हा बाजूला ठेवा. फोनवर सांगितलेलं निदान इथं तरी पोचलं होतं. शुगरवाल्यांसाठी वेगळं काही नाही, आईला त्यांनी पपई आणि पेरू कापून दिले, पण १,२५० घेताना बिनसाखरेचा एखादा पदार्थ ठेवायला काय हरकत आहे, अशा चहाला घरातली मोठी माणसंच जास्त येतात.

टाळ्या आणि गाणं झालं नाही, सांगितल्याप्रमाणं. एक निरांजन लावायला परवानगी दिली, वहिनीनं तिथंच परत ओवाळलं आणि लेकीनं आज्जीला स्वतः काढलेलं चित्र दिलं, शेतातल्या कोपीचं. छोटा केक त्यांच्याकडून होता, मेणबत्ती लावू का असं आधी विचारलं, आम्ही नको म्हटलं.

बिल. पाच मोठे आणि एक लहान मिळून ६,८७५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, इथं लोक गोंधळतात म्हणून सांगते, साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के असतो पण ज्या हॉटेलातल्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ लागतो, त्यामुळं फोनवर टॅक्ससकट किती हे विचारून घ्या. वरून त्यांनी १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता. तो सक्तीचा नसतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. शांतपणे काढायला सांगितला, वाद न घालता काढला, ८,११२ रुपये झाले. त्यातून जे वाचले ते आणि वर थोडे दादानं त्या पोराच्या हातात दिले. आईनं विचारलं किती झाले, दादानं खरं सांगितलं. ती म्हणाली, “एवढ्यात तर वर्साची पत्ती आली असती.” मग जिना उतरताना मला हळूच म्हणाली, “पण बसायला लै बरं होतं गं.”

मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो पिशवीच्या चहासाठी, सोफ्यासाठी आणि त्या दोन पायऱ्यांसाठी. मंगल कार्यालयाच्या तुलनेत खर्च काहीच नाही, दहावा हिस्सा पण नाही, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्याजवळ बसायला मिळतं. चार-सहा माणसंच न्या, दहा नेली की परत दोन टेबलं होतात आणि मोठी माणसं एका टोकाला पडतात. दुपारचं जेवण हलकं ठेवा, आम्ही फक्त वरणभात खाऊन गेलो होतो तरी वरची थाळी अर्धी उरली, ती बांधून देतात. थंडीच्या दिवसांत खिडकीजवळचं टेबल मागा, चारच्या सुमाराला ऊन बरोबर टेबलावर येतं, एसी मात्र आधीच कमी करायला सांगा. चहा सुट्या पत्तीचाच हवा असं बोलून ठेवा.

मावशी पुढच्या वर्षी सत्तरीची होतीय, तिनं गाडीतच सांगून टाकलं की मला बी इथंच, फक्त गुरुवार नको, उपास असतो. इथं शनिवार-रविवारच असतो म्हटल्यावर खूश. बुकिंगच्या फोनवरच सायीचं सांगून ठेवणार आहे, सकाळच्या दुधाची, वाटी जरा मोठी.